छोट्या कुत्र्याला परदेशी नेताना: तिकिटाआधी तारखा मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे पाच वर्षांची, ५.२ किलो वजनाची पॉमेरेनियन कुत्री आहे. बरोबर चार महिन्यांनी आपल्याला नोकरीसाठी जर्मनीत रुजू व्हायचे आहे. रेबीजची लस दरवर्षी दिलेली आहे, परंतु ओळखीची चिप बसवलेली नाही, आणि आपण ज्या देशातून निघणार तो युरोपीय संघाच्या रेबीजविषयक यादीत नाही (या यादीतल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना रक्तचाचणी लागत नाही). चार महिने पुरतील का, विमानात तिला जवळ बसवता येईल का आणि प्रवासापुरते झोपेचे औषध द्यावे का, असे आपण विचारले आहे. पशुवैद्य म्हणून माझा बराचसा काळ अशाच प्रवासांची कागदपत्रे तयार करण्यात जातो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

चार महिने एका दिवसाने कमी पडतात, आणि तेही सर्व काही पहिल्या प्रयत्नात जमले तर. हा एक दिवस कुठून आला ते समजून घेतले की बाकीचा विषय सोपा होतो. बहुतेक लोक तिकिटापासून सुरुवात करतात आणि मग कुत्र्याच्या कागदांकडे वळतात. या कामात ती उलटी चाल महागात पडते, कारण नियमांतले मुख्य कालावधी पैसे देऊन किंवा ओळख काढून कमी होत नाहीत.

क्रम असा आहे की आधी चिप, चिपनंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना (लसीमुळे रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, पुरेशी तयार झाली का हे त्यावरून कळते) आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांनी युरोपात प्रवेश. समजा, १ जानेवारीला सकाळी चिप बसवली आणि त्याच भेटीत, चिप वाचून झाल्यावर, लस दिली. नियमाप्रमाणे ३१ जानेवारीला रक्त घेता येते. परंतु ‘३० दिवस’ मोजताना पहिला दिवस धरायचा की नाही यावरून सीमेवर वाद नको म्हणून मी एक-दोन दिवस पुढे जातो, म्हणजे २ फेब्रुवारी. तिथून तीन महिने म्हणजे २ मे. आपले चार महिने १ मे रोजी संपतात. प्रयोगशाळेचा अहवाल कधी आला याला या मोजणीत महत्त्व नाही. नमुना कधी घेतला तेच धरले जाते, आणि हा त्यातल्या त्यात दिलासा आहे, कारण अहवालाला दोन-चार आठवडे लागले तरी ते त्या तीन महिन्यांतच जिरून जातात.

इथे आपण म्हणाल की लस तर दरवर्षी दिलेली आहे, मग पुन्हा कशाला? कारण चिप बसण्यापूर्वी दिलेली लस या कामासाठी दिलीच नाही असे मानले जाते. लसपुस्तिकेवरची नोंद ‘एका पॉमेरेनियन कुत्रीला लस दिली’ एवढेच सांगते, ती नेमकी हीच कुत्री होती हे सिद्ध करत नाही. चिपचा क्रमांक हाच तिचा ओळखपत्र क्रमांक, आणि त्याच्या आधीचे सगळे निनावी. त्यामुळे चिपनंतरची लस ही कागदोपत्री ‘पहिली’ लस ठरते. मात्र शरीराच्या दृष्टीने ती पहिली नसते, आणि याचा आपल्याला फायदा आहे. आधी अनेकदा लस मिळालेल्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती नव्या मात्रेनंतर झपाट्याने वर जाते. अशा कुत्र्याचे रक्त सहसा अडत नाही. अडतात ती आयुष्यात एकच मात्रा मिळालेली पिल्ले. पहिल्या लसीनंतर प्रतिपिंडांचे प्रमाण साधारण चार ते सहा आठवड्यांत शिखराला पोहोचते आणि मग उतरू लागते. नमुना घ्यायला उशीर केला तर निरोगी, लस घेतलेले पिल्लूही रेषेच्या खाली येते. ही रेषा प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक अशी आहे. पिल्लू असेल तर मी शक्यतो महिन्याभराच्या अंतराने दोन मात्रा देऊन मगच रक्त घेतो.

चिपविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण गोंधळ इथेच होतो. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी क्रमांकाची चिप घ्यावी. जुन्या पद्धतीच्या ९ किंवा १० अंकी चिपा अजूनही कुठे कुठे बसवल्या जातात. त्या वाचायला वेगळे यंत्र लागते, आणि ते सीमेवर असेलच असे नाही. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सुईने सरकवली जाते. पाच किलोच्या कुत्रीला त्या जाड सुईने क्षणभर दुखते, यापलीकडे काही होत नाही. बसवण्याआधी पाकिटातच ती यंत्राने वाचावी, बसवल्यावर पुन्हा वाचावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत, म्हणजे लस देताना, रक्त घेताना आणि दाखला भरताना, पुन्हा वाचावी. ही चिप कधीकधी कातडीखाली सरकते. एका लहान कुत्र्याच्या पाठीवर आम्ही पाच मिनिटे यंत्र फिरवत होतो आणि आवाज येत नव्हता. मालकिणीचा चेहरा उतरला होता. शेवटी यंत्र डाव्या कोपरापाशी नेल्यावर ते वाजले. त्या दिवसापासून दाखल्यासोबत मी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून देतो: ‘चिप डाव्या कोपराजवळ आहे.’

अंकांची अदलाबदल हा दुसरा धोका. माझ्या हातून एकदा असे झाले की प्रयोगशाळेच्या अर्जावर १५ पैकी मधले दोन अंक उलटे पडले. अहवाल उत्तम आला, पण तो कागदोपत्री दुसऱ्याच कुत्र्याचा होता. प्रवासाला आठ दिवस असताना ते लक्षात आले. लसपुस्तिकेत क्रमांक बरोबर होता आणि नळीवर चिपचे छापील स्टिकर चिकटवलेले होते, म्हणून प्रयोगशाळेने दुरुस्त अहवाल दिला. ते स्टिकर नसते तर तीन महिने पुन्हा मोजावे लागले असते. तेव्हापासून क्रमांक हाताने लिहिणे मी बंद केले आहे. चिपच्या पाकिटात पाच-सहा स्टिकर येतात, ते जपून ठेवा आणि प्रत्येक कागदावर एकेक लावा.

रक्त कुठल्याही प्रयोगशाळेत चालत नाही. युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळांची यादी आहे आणि त्यांपैकी एकीकडेच नमुना गेला पाहिजे. पाठवायचे असते ते रक्तद्रव, म्हणजे लाल पेशी वेगळ्या केल्यानंतरचा पिवळसर भाग, आणि तोही थंड अवस्थेत. घाईत घेतलेल्या रक्तातल्या पेशी फुटल्या की द्रव लालसर होतो आणि प्रयोगशाळा तो परत करू शकते. म्हणून मी नेहमी दोन नळ्यांत नमुना ठेवतो, एक पाठवतो आणि दुसरी गोठवून ठेवतो. पाच किलोच्या कुत्रीचे दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतल्याने तिला काहीही अपाय होत नाही. अहवाल चांगला आल्यानंतर एक गोष्ट विसरू नये. रेबीजच्या लसीची मुदत एक दिवसही चुकू देऊ नका. लस वेळेवर चालू राहिली तर युरोपसाठी हा रक्ताचा अहवाल आयुष्यभर चालतो. एकदा मुदत उलटून गेली तर तोही संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आता आपल्या एका दिवसाचे काय करायचे? अनेक जण सुचवतात की आपण पुढे जावे आणि कुत्री महिन्याभराने कुणासोबत तरी पाठवावी. यात एक अडचण आहे. मालकाच्या सोबत जाणाऱ्या पाळीव प्राण्यासाठीचे तुलनेने सोपे नियम तेव्हाच लागू होतात, जेव्हा मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत होतो. अंतर त्याहून वाढले की व्यापारी वाहतुकीसाठीचे अधिक कडक नियम लागतात, मग ती विक्रीसाठी असो वा नसो. त्यापेक्षा मी असे सांगेन: शक्य असेल तर रुजू होण्याची तारीख दोन आठवडे पुढे मागा. ते जमले नाही तर आपण पुढे जा, तिला घरच्या माणसांकडे ठेवा आणि सुट्टी काढून स्वतः परत येऊन तिला घेऊन जा. मालक सोबत असल्याने तो प्रवास सोप्या नियमांत बसतो. हा खर्चिक उपाय आहे हे मी जाणतो, परंतु अपुऱ्या कागदांनिशी निघालेल्या कुत्र्याला परत पाठवणे किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवणे हाच सीमेवरचा दुसरा पर्याय असतो. ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी सहा महिने धरून चालावे.

शेवटचा कागद म्हणजे आरोग्य दाखला. तो ठरलेल्या नमुन्यातच लागतो, सरकारी पशुवैद्याने दिलेला किंवा त्याने प्रमाणित केलेला असावा लागतो आणि प्रवेशाच्या वेळी दहा दिवसांपेक्षा जुना चालत नाही. तो इंग्रजीसोबत, ज्या देशातून आपण युरोपीय संघात प्रथम शिरता त्या देशाच्या भाषेतही असावा लागतो. विमान पॅरिसमध्ये बदलणार असेल आणि दाखला जर्मन-इंग्रजी असेल तर ती चूक आहे, कारण आपण शिरणार फ्रान्समध्ये. त्या दहा दिवसांत सरकारी सुट्ट्या येतात का, हे कॅलेंडरवर आधी पाहून घ्या. सगळे नीट करून केवळ लागून आलेल्या सुट्ट्यांमुळे शिक्का न मिळाल्याने अडलेले लोक मी पाहिले आहेत.

विमानात जवळ बसवण्याबाबत आपण सुदैवी आहात. अनेक कंपन्या कुत्रा आणि बॅग मिळून ८ किलोपर्यंत केबिनमध्ये नेऊ देतात, काहींची मर्यादा ७ किलोची आहे. आपली कुत्री आणि सव्वा किलोची मऊ बॅग मिळून साडेसहा किलोच्या आत बसते. परंतु एका विमानात मोजकेच प्राणी घेतले जातात, त्यामुळे आपले तिकीट काढण्यापूर्वी फोन करून तिची जागा निश्चित करा. काही कंपन्या केबिनमध्ये कुत्रा घेतच नाहीत. एमिरेट्सच्या विमानात मार्गदर्शक कुत्र्याखेरीज इतर कुत्र्यांना केबिनमध्ये प्रवेश नाही, पण काही मार्गांवर ससाण्याला आहे. मला हे नेहमी गमतीचे वाटते. मार्ग निवडताना थेट विमान मिळत असेल तर ते महाग असले तरी घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक बदलासोबत आणखी एका देशाचे नियम आणि आणखी एकदा धावपट्टीवरची वाट पाहणे येते.

कुत्रा मोठा असेल किंवा केबिनमध्ये जागा नसेल तर विमानाच्या पोटातल्या कक्षातून न्यावे लागते. त्याबद्दल लोकांच्या मनात जरा जास्तच भीती आहे. जिवंत प्राणी ठेवतात त्या कक्षात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तापमान नियंत्रित असते. खरा धोका जमिनीवर असतो, विमानात चढवण्याआधीच्या उन्हात किंवा थंडीत उघड्यावर घालवलेल्या अर्ध्या तासात. पिंजऱ्याचे माप आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयएटीएच्या नियमांनी ठरते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की पिंजऱ्याची लांबी मिळते, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे पिंजऱ्याची रुंदी आणि उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी, म्हणजे पिंजऱ्याची उंची. लांबी ४० सेंटिमीटर, कोपर १४, खांदे १६ आणि कान ३६ सेंटिमीटरवर असतील, तर पिंजरा आतून ४७ लांब, ३२ रुंद आणि अंथरूण सोडून ३६ सेंटिमीटर उंच हवा. चपट्या नाकाच्या जातींसाठी हे माप किमान दहा टक्के वाढवावे लागते.

झोपेच्या औषधाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यात मी सहसा तडजोड करत नाही. गुंगीच्या औषधांनी, विशेषतः जुन्या ॲसेप्रोमॅझिनने, रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते. उड्डाणात केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. अशा हवेत गुंगीतल्या कुत्र्याची मान बॅगेत दुमडली तर ती सरळ करायचे त्याला सुचत नाही. गुंगीत दिसणारा कुत्रा घ्यायला विमान कंपन्याही नकार देतात. काही कुत्री खरोखरच फार घाबरट असतात. त्यांच्यासाठी भीती कमी करणारी सौम्य औषधे आहेत, पण ती आपल्या पशुवैद्याशी बोलून, प्रवासाच्या काही आठवडे आधी घरी एकदा देऊन पाहिलेली असावीत. विमान हे औषधाची पहिली चाचणी घेण्याचे ठिकाण नव्हे.

औषधाऐवजी बॅगेची सवय लावा, आपल्याकडे त्यासाठी चार महिने आहेत. पहिले दोन आठवडे बॅग उघडी ठेवून तिचे जेवण आतच द्या आणि बॅगेची चेन लावू नका. नंतर पाच मिनिटे चेन, मग अर्धा तास, मग बॅग खांद्याला अडकवून जिना, मग गाडी. एका रात्री ती आपण होऊन बॅगेत जाऊन झोपली की काम झाले असे समजा. याच काळात तिला शोषक कापडावर लघवी करायला शिकवा, कारण घरच्या दारापासून नव्या दारापर्यंत चौदा-पंधरा तास सहज जातात. प्रवासाच्या दिवशी निघण्याच्या पाच-सहा तास आधी हलके जेवण द्यावे, पाणी मात्र थोडे थोडे शेवटपर्यंत चालू ठेवावे. दोन किलोखालच्या कुत्र्यांना आणि लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. त्यांना मध्ये मध्ये घासभर काहीतरी द्यावे लागते.

सुरक्षा तपासणीत एक क्षण असा येतो की बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि कुत्र्याला कडेवर घेऊन आपल्याला चौकटीतून चालावे लागते. आवाज, अनोळखी हात, निसरडी फरशी. विमानतळावर कुत्रे निसटतात ते बहुतेक इथेच. गळपट्टा पॉमेरेनियनच्या डोक्यावरून सहज निघतो, शिवाय या जातीची श्वासनलिका नाजूक असल्याने ओढ बसली की खोकला सुरू होतो. छातीभोवतीचा, शक्यतो धातूची बकले नसलेला हार्नेस घालावा आणि दोरी मनगटाभोवती गुंडाळून धरावी.

प्रवासाच्या किमान दोन महिने आधी तिच्या हृदयाची तपासणी करून घ्या. लहान जातींमध्ये वय वाढेल तसा हृदयाच्या झडपेचा विकार बराच आढळतो, आणि पाच वर्षांच्या कुत्रीत तो नसला तरी त्याची नोंद असावी. वयस्कर, हृदयाचे औषध चालू असलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत मी अनेकदा मालकांना ‘नेऊ नका’ असे सांगितले आहे. पग, फ्रेंच बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या जातींबाबतही तेच. त्यांच्या अरुंद नाकपुड्या आणि लांब मऊ टाळू यांमुळे उष्णता आणि भीती या दोन्हींत श्वास अडतो, म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना विमानाच्या पोटातल्या कक्षात घेत नाहीत. विश्वासू घर मिळत असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला तिथे ठेवण्यात कमी प्रेम आहे असे मला वाटत नाही.

जर्मनीऐवजी दुसरा देश असता तर हिशेब बदलला असता, म्हणून इतरांसाठी थोडक्यात लिहितो. ब्रिटनमध्येही यादीबाहेरच्या देशांसाठी तीन महिन्यांचाच नियम आहे, शिवाय पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांत फीतकृमीचे औषध दिल्याची नोंद लागते. मात्र विमानाने येणारा पाळीव कुत्रा तिथे केबिनमधून येऊ शकत नाही, मालवाहू म्हणूनच यावा लागतो. त्यामुळे अनेक जण पॅरिसपर्यंत विमानाने येऊन पुढे कॅलेहून समुद्राखालच्या बोगद्याने गाडीतून जातात. जपानला चिपनंतर लसीच्या दोन मात्रा, रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा आणि पोहोचण्याच्या ४० दिवस आधी सूचना लागते. ऑस्ट्रेलियात कागद पूर्ण असले तरी मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथे किमान १० दिवसांचे विलगीकरण आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालच्या कुत्र्यांना प्रवेश बंद केला आहे, आणि रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत लस दिलेल्या कुत्र्यांवर बरीच जास्त बंधने आहेत. नियम बदलत असतात, त्यामुळे त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरचा मजकूर दाखला भरण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचावा.

पोहोचल्यावर पहिले तीन-चार दिवस तिला अपचन होणे, रात्री अवेळी जाग येणे आणि खाण्याकडे पाठ फिरवणे स्वाभाविक आहे. मांस किंवा दूध असलेले पदार्थ प्रवाशांना युरोपात आणता येत नाहीत, म्हणून तिथे मिळणारे कोरडे खाणे आधीच मागवून घरीच हळूहळू बदल करा. जर्मनीत कुत्र्यावर नगरपालिकेचा कर असतो, त्याची नोंदणी लवकर करावी. पहिल्या महिन्यातच तिथल्या पशुवैद्याकडे जाऊन तिचा युरोपीय पासपोर्ट करून घ्या आणि रेबीजच्या रक्तचाचणीचा निकाल त्यात नोंदवून घ्या. मूळ अहवालही फेकू नका, कारण पुढे सुट्टीत तिला सोबत घेऊन आलात तर परतीच्या वेळी सीमेवर तोही विचारला जाऊ शकतो.